तिसरी लाइन

"आता फिरव!" बोर्डामागून महिपतचा आवाज आला.

चंद्रभागेनं हँडल गरागरा फिरवलं. आत मॅनेजरसाहेबांच्या टेबलावरचा फोन खणखणला.

"वाजली काय गो घंटी?"

"वाजली! साहेब खुर्चीतून उडाले असतील."

"मग जरा हळू फिरव. बोर्ड हाय तो, जातं नाय."

महाडच्या त्या भातगिरणीच्या कचेरीत आजवर तीन टेबलांवर तीन फोन होते. जो वाजायचा, त्याच्यापाशी नेमकं कुणी नसायचं. मग धोतर सावरत कारकून धावायचे. आता तिन्ही लाइनी एकाच बोर्डात येणार होत्या आणि खोल्याखोल्यांतले फोनही त्याच बोर्डाला जोडले जाणार होते. आणि बोर्डासमोरची खुर्ची चंद्रभागेची होती. मॅट्रिक झालेली, कापडे गावची पहिली मुलगी! वडिलांना, आबांना, तिनं नंबर मुद्दाम कळवला होता. मुंबईहून एकदा तरी फोन करा, मीच उचलीन.

फिटर महिपत तिच्याच गावचा. त्याचा धाकटा भाऊ हैबती आणि तिचे आबा मुंबईत एकाच कापडगिरणीत होते, गाववाल्यांच्या एकाच खोलीत राहत होते.

दोन लाइनी जोडून झाल्या होत्या. महिपतनं आपला तपासणीचा रिसीव्हर तिसऱ्या लाइनीला चिमट्यानं अडकवला आणि कानाला लावला. तेवढ्यात बोर्डावर त्याच लाइनीची, कॉल आल्याची खूण देणारी झडप खटकन पडली.

"मुंबईचा ट्रंक कॉल. मॅनेजरना द्या," एक्स्चेंजवरून आवाज आला.

पहिलाच ट्रंक कॉल! चंद्रभागेनं दोरी ओढली, प्लग बसवला, साहेबांची घंटी वाजवली. साहेब "हॅलो" म्हणताच शिकवल्याप्रमाणे स्वतःची चावी वर केली. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही.

"दादा, जोडला बघा! आता ठेवा नावं!"

बोर्डामागची पक्कड वाजायची थांबली होती.

बऱ्याच वेळानं महिपत बाहेर आला. "साहेबांचा फोन बघून येतो," एवढंच म्हणाला आणि आत गेला. जाताना दार लोटून घेतलं. तो परत आला तेव्हा साहेबांनी तिला बोलावलं.

साहेब उभे होते. तिच्यासाठी ते कधी उभे राहत नसत.

"मुंबईहून तुमच्या गावच्या खोलीतल्या माणसाचा फोन होता. तुझ्यामुळे इथला नंबर होता त्यांच्याकडे." ते थांबले. "हैबती गेला. पहाटे, कामावर. छातीत दुखलं म्हणे."

"आमच्या महिपतदादांचा हैबती?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "ट्रक करून गावी आणताहेत. तुझे वडीलही त्याच ट्रकमध्ये आहेत. महिपतला मी सांगितलंय, आई आजारी आहे, घरी जा. त्याला एकट्याला सोडवत नाही. तू बरोबर जा. आणि घरी पोचेपर्यंत अवाक्षर काढू नकोस."

असली बातमी वाटेत सांगायची नसते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. माणसाला काहीतरी थाप मारून घरी न्यायचं आणि दारात, चार माणसांत सांगायचं. वाटेतच कोसळला तर धरणार कोण?

"रडायचं नाही हं," साहेब म्हणाले. त्यांचाच आवाज फाटला.

"नाही रडणार."

एसटीत महिपतनं तिला खिडकीची जागा दिली. त्याला विचार करायला सवडच मिळू नये म्हणून ती बडबडत राहिली. कारकुनांची धावपळ, शाळेतल्या बाई, नवा बोर्ड. तो मान हलवत होता. मध्येच तिच्या मनात आलं, आज आबा भेटतील! गणपतीनंतर आलेच नव्हते. लगेच तिला स्वतःची लाज वाटली. शेजारच्या माणसाचं आभाळ फाटलंय आणि आपल्याला काय सुचतंय!

पोलादपूरला गाडी थांबली. महिपत भजी घेऊन आला.

"खा गो. पोटात कायतरी असू दे."

"तुम्ही खा ना, दादा."

"मी खाल्लंय."

त्यानं काही खाल्लं नव्हतं. याचा भाऊ गेला आणि हा मलाच भरवतोय! एकाएकी तिच्या लक्षात आलं. आईला काय झालंय, हे यानं अजून एकदाही विचारलेलं नव्हतं.

"दादा, मघाशी कॉल आला तेव्हा रिसीव्हर कानाला होता का हो तुमच्या?"

"होता."

"मग? काय ऐकलंत?"

"खरखर. तिसऱ्या लाइनीत लय खरखर हाय अजून."

तिनं श्वास सोडला.

कापडे फाट्यावर दोघं उतरली. भातं झोडून शेतं मोकळी पडली होती. ती गावाकडे वळली, पण महिपत रस्त्याकडेच्या दगडावर टेकला.

"घरी नाही जायचं?"

"जाऊ. ट्रक येऊ दे."

ट्रकचं नाव तिनं चुकूनही काढलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यानं मान डोलावली. म्हणजे सगळं ऐकूनही हा माणूस महाडपासून इथवर गप्प बसून आला होता. आपली बडबड ऐकत, आपल्याला भजी चारत! सकाळपासून अडवून धरलेलं रडं तिला आवरेना. महिपतनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रड गो बाय. आता रड."

"तुम्ही रडा ना, दादा! तुमचा सख्खा भाऊ..."

त्यानं हात काढला नाही.

वळणावरून ट्रक सावकाश उतरत आला. फाट्याशी थांबला. मागचा फाळका खाली पडला आणि सगळ्यांत आधी हैबती उतरला.