नोटेखालचं लेबल

ऊस. पांढरे हातमोजे. निवलेला चहा. रत्नागिरी. चाळीस शब्दांची मर्यादा. ब्रिस्टलच्या म्युझियममध्ये उद्या प्रदर्शन उघडणार होतं आणि सुनीतीने पणजोबांच्या नोटेचं लेबल तिसऱ्यांदा खोडलं. पणजोबा रत्नागिरीहून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यावर गेले होते; तिथे कंपनी त्यांना स्वतःच छापलेल्या नोटांत मजुरी द्यायची. “‘काटकसरी मजुराने प्रेमाने जपलेली बचत’? ईशिता, हे कुणी सांगितलं तुला?” “काकू, शंभर वर्षं ठेवली ना तुमच्या फॅमिलीने? व्हिजिटर्सना पॉझिटिव्ह स्टोरी आवडते,” तरुण क्युरेटर म्हणाली. “जपली नाही गं, उरली! कंपनीच्या दुकानाबाहेर ती कुणी घेतच नव्हतं.” “मग दुकानातच का नाही खर्च केली?” सुनीतीने कपाळाला हात लावला. “पेन घे. मी सांगते तेवढंच लिही, नाहीतर नोट घेऊन मी चालले घरी.” ईशिताने नवं कार्ड काढलं आणि सुनीती सांगेल तसं लिहिलं: मळ्यावरचे मजूर सहाला सुटायचे. कंपनीचं दुकान पाचला बंद व्हायचं.