पाव वजनाचं पेज

दवाखान्यातल्या डायलिसिसचे नंबर सकाळी आठला ऑनलाइन सुटायचे आणि दहा मिनिटांत संपायचे. जानेफळ गावात प्रतिमाताईच्या फोनवर तोवर नुसतं चाक फिरत राहायचं. दवाखान्याचा सर्व्हर तिचा भाऊ शंतनूच सांभाळायचा. त्याने त्यावर डेटा आकसवणारं नवं कॉम्प्रेशन चालू केलं आणि पेज पाव वजनाचं झालं.

"दाबल्याबरोबर उघडलं रे! नंबर लागला मले," ताईचा फोन आला.

मग दवाखान्याच्या साहेबांना सुरसुरी आली. 'आमची वेबसाइट आता सुपरफास्ट!' असं सांगणारा स्वतःचा व्हिडिओ त्यांनी त्याच पेजवर सगळ्यात वर टाकायला लावला. व्हिडिओपुढे कॉम्प्रेशनचं काही चालत नाही, हे शंतनूचं म्हणणं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

 

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "तुह्या साहेबाचं अर्धं तोंड दिसलं, तेवढ्यात नंबर संपले."