खिडकीजवळचं स्टूल

परगावच्या नोकरीत पगार दुप्पट होता, पण लिफ्ट मेकॅनिकचा जीव आठवडाभर खालीवर होत होता. आईची नजर जवळजवळ गेलेली. या घरात ती निव्वळ सवयीनं वावरायची. नव्या घरात तिचं कसं व्हायचं? त्यानं तिच्यापाशी विषयच काढला नव्हता. त्यात भर म्हणजे खिडकीजवळचं स्टूल रोज भलतीकडेच सापडायचं. तो चरफडत जागेवर ठेवायचा. आज नकार कळवायचाच, असं ठरवून तो लवकर घरी आला आणि दारातच थबकला. आईनं तेच स्टूल मधोमध ओढलं, दिशा चुकावी म्हणून गिरकी घेतली आणि चाचपडत निघाली. गुडघा दाणकन आपटला. “आई, हे काय?” “फोनवर जरा हळू बोलत जा,” ती गुडघा चोळत म्हणाली. “परक्या घराची सवय नको का करायला?” त्यानं जेवणाचं टेबलही वाटेत ओढलं. “आता स्वयंपाकघर गाठून दाखव.”