विसावा प्रश्न

सौंसरच्या बस स्टँडवर रोशन मोबाइलवर पटवारी भरती परीक्षेचे नातेसंबंधाचे प्रश्न सोडवत बसला होता. या अभ्यासापायी चार वर्षांत तो ना कुणाच्या लग्नाला गेला, ना रामाकोना गावच्या नातेवाइकांकडे फिरकला. आज एकोणीस उत्तरं बरोबर आली होती. संत्र्यांची पिशवी घेऊन शेजारी बसलेली म्हातारी त्याचं पुटपुटणं बराच वेळ ऐकत होती.

“इतके सोडवून राहिला, त माया बी एक सोडव बाबू. एका पोराच्या आजोबाले दोनच लेकरं. एक त्या पोराचा बाप, दुसरी पोरगी. ते पोरगी त्या पोराची कोन लागते?”

“आत्या,” स्क्रीनवरची नजर न काढता त्यानं फटकन सांगितलं.



“बरोबर हाये, रोशन,” म्हातारी म्हणाली, आणि इतका वेळ खाली असलेली त्याची मान आता वर होईना.