संबळाची घडी

येसाजी गोंधळी, त्यांचे चिरंजीव कोंडाजी आणि कोंडाजींचे राणोजी, या तिघांनी शिर्क्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नानंतर देवीचा गोंधळ घातला. फक्त मालन शिर्केच्या लग्नाच्या वेळी राणोजी तापाने अंथरुणाला खिळले आणि गोंधळ राहिला. राणोजींच्या पश्चात ते देणे आता त्यांच्या लेकीच्या, सगुणाबाईंच्या शिरावर होते.

मालनच्या मुलीचे लग्न कॅनडात लागले. सगुणाबाईंचे गुडघे तिथवर जाणार नव्हते. म्हणून थोरल्या मुलाला संबळावर बसवून त्यांनी घरीच दोन्ही लग्नांचा गोंधळ गायला आणि ध्वनिमुद्रण पाठवण्यासाठी सुनेकडे सोपवले. सुनेने ते लहान करून आधी त्यांना ऐकवले.

सगुणाबाईंचे नाक आक्रसले. "शी! हा संबळ की पत्र्यावर सांडलेले हरभरे? देवीच्या पानात हे खरकटे वाढणार होतीस?"

"आत्याबाई, फाइल जातच नव्हती हो. दोनदा दाबली, तेव्हा कुठे मावली."

"पेटीत मावत नाही म्हणून शालूचे काठ कापतात का गं? घडी नीट घालावी. मूळ घे, एकदाच दाब, तेही बेताने. सुरुवातीचे आमचे खाकरणे खुशाल काढ. संबळाच्या घुमण्याला हात लावशील तर याद राख!"

सुनेने तसे केले आणि फाइल गेली.

दुसऱ्या दिवशी मालनचा फोन आला. "सगुणाताई, चौक मांडून लावला हो. संबळ असा घुमला, की कलशातले पाणी थरथरले. राणोजीकाकांच्या तसबिरीला सांगा, गोंधळ पावला. तुमचे देणे पुरते फिटले."