एक लांब स्क्रू

सकाळी सात वाजता विश्रामने चहाचा कप खिडकीत ठेवला, चष्मा पुसला आणि कीबोर्डची रिकामी पेटी पुढ्यात घेतली. प्लायवूड, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, आतून गादीचा फोम. ऑर्केस्ट्राच्या प्रवासासाठी ही पेटी त्याने स्वतः बनवली होती आणि तिचे कौतुक सांगताना तो थकत नसे.

काल कार्यक्रमाआधी झाकण उघडले, तर कीबोर्डचा स्क्रीन फुटलेला. ऑर्केस्ट्राच्या मालकीण शैलजाताईंनी टेम्पोचालक दस्तगीरमामांना सर्वांदेखत झापले, "मामा, ही वाद्यं आहेत, ऊस नव्हे! उद्यापासून येऊ नका."

"गाडी हळूच आणली, ताई," मामा म्हणाले.

"मग कीबोर्डनंच पेटीत उडी मारली वाटतं!" विश्राम म्हणाला होता, आणि सगळे हसले होते.

आता झाकणाच्या फोमवरून हात फिरवताना त्याच्या बोटाला काहीतरी टोचले. परवा झाकणाची सैल झालेली मूठ पुन्हा बसवताना आखूड स्क्रू संपले म्हणून त्याने शेवटचा एक लांब बसवला होता. त्याचे टोक प्लाय आणि फोम भेदून नेमके स्क्रीनच्या जागी आले होते. चहा निवत राहिला. कानस फिरवली असती, तर दोन मिनिटांत टोक नाहीसे झाले असते. पण मान खाली घालून टेम्पोकडे परतणारे मामा त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

त्याने स्क्रू काढून खिशात टाकला. दहा वाजता तालमीला सगळे जमेपर्यंत तो थांबला. मग तो स्क्रू शैलजाताईंच्या हातावर ठेवत म्हणाला, "स्क्रीन यानं फोडला. हा मी बसवला होता."

कुणी काही बोलायच्या आत तो मामांना आणायला निघाला.