सुनीलचा गोळा

ज्ञानेश सरांनी दगडी गोळा दोन्ही हातांनी उचलून उजेडात नेला. गोलाई तपासायला अर्धगोल कापलेला पत्रा त्यावर सगळ्या बाजूंनी धरून पाहिला. कुठेच फट दिसेना.

"चौकोनी दगडातून काढलाय? नुसत्या छिन्नी-हातोड्याने?"

"व्हय साहेब. मशीन नाय लावलं," निवृत्तीआबा म्हणाले.

"कोणी केला?"

तृप्ती ओढणीला हात पुसत पुढे सरकली. गोदाकाठच्या एका जुन्या मंदिराच्या दुरुस्तीसाठी सरांना एकच शिकाऊ हवा होता, आणि ज्याचा गोळा चांगला त्याला ते नेणार होते. पावसाळाभर ती या पत्र्याच्या शेडमध्ये त्या काळ्या दगडाचे कोपरे उडवत बसली होती. शेजारी तिचा भाऊ सुनील, मोबाइलमध्ये तोंड घालून. तिला छिन्नी धरायला शिकवली ती आबांनीच.

"आमच्या सुनीलनं," आबा म्हणाले.

बापाच्या तोंडून चुकून गेलं असेल, असं तृप्तीला वाटलं. आता हसतील, म्हणतील, पोरीनं केलाय. आबा हसले नाहीत. सुनील जमिनीकडे बघत राहिला.

"छान केलायस रे. पण घासलास कशाला?" सर म्हणाले. "छिन्नीच्या खुणा ठेवायच्या असतात. हात कुणाचा ते कळतं."

तृप्तीला आता सगळं उमगलं. ती डावरी. तिच्या खुणा उलट्या तिरक्या पडायच्या, त्या सरांच्या नजरेतून सुटल्या नसत्या. परवाच आबा लाडात येऊन म्हणाले होते, "घासून टाक पोरी, आरशावानी दिसंल." आणि ही वेडी दुपारभर पाणी शिंपडून घासत बसली. बापाला कौतुक आहे म्हणून!

"सोमवारी ये," सुनीलच्या पाठीवर थाप मारून सर गेले. त्यांच्यामागे सुनीलही सटकला.

तृप्ती आबांसमोर येऊन उभी राहिली.

"असं का केलं, आबा?"

"पोराचं कायतरी मार्गी लागाया नको का?"

"माझ्या जिवावर? आन् तिथं त्याला जमलं नाय म्हंजे?"

"त्याला कुठलं जमतंय!" आबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत, अगदी मायेने म्हणाले. "दगड घरी घेऊन येईल तो. तू हायेस की."